परसात येणाऱ्या हरणांना मका घालावा का?

प्रश्न थोडक्यात असा: न्यू जर्सीच्या उपनगरातलं घर, मागे झाडांची पट्टी. डिसेंबरपासून रोज संध्याकाळी मका, सफरचंदाच्या फोडी आणि कधी उरलेल्या पोळ्या मागे ठेवल्या जातात. सुरुवातीला तीन-चार हरणं यायची, आता दहा-बारा येतात. शेजाऱ्यांनी तक्रार केली आहे. हरणांसाठी योग्य खाद्य कोणतं, रोज किती घालावं, आणि जानेवारीच्या थंडीत अचानक बंद केलं तर ती उपाशी मरतील का?

आधी उत्तर, मग कारणं. रानातल्या हरणासाठी मक्याचं सुरक्षित असं रोजचं माप नाही. घालणं बंद करा. तुमच्याकडे कायद्याने बंदी असेल तर आजच, नसेल तर दोन आठवड्यांत टप्प्याटप्प्याने. न्यू जर्सीच्या हिवाळ्यात त्यामुळे ती उपाशी मरणार नाहीत. मुक्या जिवाच्या तोंडी घास घालावा असं वाटणं आपल्याकडे घराघरांत रुजलेलं आहे आणि ते चांगलंच आहे. त्यासाठी इथे काय करता येतं तेही पुढे सांगतो.

तुमच्याकडे येतं ते व्हाइट-टेल्ड डिअर, म्हणजे पांढऱ्या शेपटीचं हरीण. गाय, म्हैस, शेळी यांच्यासारखंच रवंथ करणारं, चार कप्प्यांच्या पोटाचं. यातला सर्वांत मोठा कप्पा कोठीपोट. त्यात असंख्य सूक्ष्मजीव राहतात आणि डहाळ्या-पाला पचवण्याचं खरं काम तेच करतात. हिवाळ्यात हरीण काड्या, कळ्या, सुकी पानं, गळलेली ओकची फळं खातं, तेव्हा त्या खाद्यावर जगणारे सूक्ष्मजीव कोठीपोटात वाढलेले असतात. उन्हाळ्यातल्या कोवळ्या पाल्याला वेगळे लागतात. एका प्रकारच्या खाद्यावरून दुसऱ्यावर जाताना ही वसाहत बदलायला दोन ते चार आठवडे लागतात. ऋतू हळूहळू पालटतो, म्हणून निसर्गात अडचण येत नाही. तुमचं मक्याचं पोतं मात्र एका संध्याकाळी समोर येतं.

सुक्या मक्यात सुमारे ७० टक्के स्टार्च असतो आणि तंतू फारच कमी. काड्यांवर जगणाऱ्या हरणाने पोटभर मका खाल्ला की स्टार्च आंबवणारे जीवाणू काही तासांत बेसुमार वाढतात आणि लॅक्टिक आम्ल तयार करतात. कोठीपोटाचा सामू (पीएच; तो जितका कमी तितकं आम्ल जास्त) एरवी ६ ते ७ च्या दरम्यान असतो, तो ५.५ च्याही खाली घसरतो. काड्या पचवणारे जीव मरतात. आम्ल वाढल्याने शरीरातलं पाणी पोटात ओढलं जातं, हगवण लागते, जनावर आतून सुकत जातं आणि एक ते तीन दिवसांत मरू शकतं. पोट मक्याने भरलेलं असतानाच मरतं. जी वाचतात त्यांच्या कोठीपोटाचं अस्तर जळतं, यकृतात गळवं होतात, खुरांना सूज येऊन ते वेडेवाकडे वाढतात आणि हरीण लंगडत राहतं. याच्या जोडीला आतड्यातले क्लॉस्ट्रिडियम जातीचे जीवाणू फोफावले तर त्यांच्या विषानेही मृत्यू येतो. २०१५ च्या हिवाळ्यात न्यू हॅम्पशायरमधल्या साउथ हॅम्पटन गावात एकाच ठिकाणी १२ हरणं मेलेली सापडली होती. कारण हेच निघालं: लोकांनी घातलेलं खाद्य आणि त्यातून झालेली विषबाधा.

लग्नाच्या पंगतीतला उरलेला भात किंवा पोळ्या एकदम पुढ्यात आल्याने गाय दगावली, असं गावाकडे अनेकांनी ऐकलेलं असतं. पशुवैद्य ज्याला ॲसिडोसिस म्हणतात तोच प्रकार. फरक इतकाच की गाईला कोणीतरी वेळेवर खाण्याचा सोडा पाजतं, डॉक्टर बोलावतं. रानातलं हरीण झाडीत जाऊन बसतं आणि तिथेच मरतं. म्हणून ‘आमच्याकडची हरणं तर मजेत खातात, एकही मेलं नाही’ हा पुरावा धरू नका. मेलेलं तुमच्या परसात सहसा दिसणारच नाही.

पोळी, ब्रेड आणि भात मक्याच्याच रांगेत येतात. सफरचंदाचं थोडं वेगळं आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरात झाडाखाली पडलेली फळं हरणं रोज थोडी थोडी खातात, पोट त्याला सरावतं. जानेवारीत टोपलीभर फोडी एकदम पुढे आल्या की तीच साखर घातक ठरते. गवताची सुकी पेंडी निरुपद्रवी वाटते, पण जाडं गवत पचवणं हे गाईचं काम. हरणाची जात निवडून निवडून कोवळं खाणारी. पोट गवताने गच्च भरलेलं आणि हरीण उपासमारीने मेलेलं, असं हिवाळ्यात घडतं. बाजारात ‘डिअर पेलेट’ नावाच्या गोळ्या मिळतात. त्यात तंतू जास्त घातलेले असतात, त्यामुळे पोटाच्या दृष्टीने त्या मक्यापेक्षा बऱ्या, पण पुढे सांगतो त्या दुखण्यांवर त्यांचा काही इलाज नाही. मिठाच्या विटाही ठेवू नका. एकच वीट सगळ्या कळपाने चाटायची, म्हणजे सगळ्यांची लाळ एका जागी.

कोणतं खाद्य हा प्रश्न अर्धाच आहे. उरलेला अर्धा, आणि माझ्या मते जास्त गंभीर, म्हणजे एका जागी जमणारी तोंडं. रानात हरणं पांगून चरतात. एक डहाळी इथे, दोन कळ्या तिथे, असं करत पुढे सरकतात. ढीग घातला की दहा-बारा हरणं एकाच चौरस मीटरमध्ये तोंड घालतात, तिथेच लाळ गाळतात, तिथेच लेंड्या टाकतात आणि उद्या पुन्हा तिथूनच खातात.

क्रॉनिक वेस्टिंग डिसीज, म्हणजे सीडब्ल्यूडी, हा रोग याच वाटेने पसरतो. १९६७ मध्ये कोलोरॅडोतल्या बंदिस्त हरणांत तो पहिल्यांदा लक्षात आला आणि आता अमेरिकेच्या ३० हून अधिक राज्यांत सापडला आहे. तुमच्या शेजारच्या पेनसिल्व्हेनियात तो २०१२ पासून आहे. कारण जीवाणू किंवा विषाणू नाही. प्रिऑन नावाचं बिघडलेलं प्रथिन मेंदू पोखरतं. ते लाळ, मूत्र आणि विष्ठेतून बाहेर पडतं आणि मातीत वर्षानुवर्षं टिकतं. लागण झाल्यावर दीड-दोन वर्षं हरीण धडधाकट दिसू शकतं, आणि या काळातही ते रोग पसरवत असतं. औषध नाही, लस नाही, शेवट नेहमी मृत्यू. म्हणजे तुमच्या परसातलं सर्वांत तुकतुकीत हरीणसुद्धा रोगी असू शकतं आणि ते बघून ओळखता येत नाही. मिशिगनच्या ईशान्य भागात रानटी हरणांमध्ये गाईंचा क्षयरोग ठाण मांडून बसला, त्यामागेही लोकांनी घातलेल्या खाद्याच्या ढिगांवर होणारी गर्दी हे एक मोठं कारण मानलं जातं.

ढिगावर आणखी एक गोष्ट घडते, ती खिडकीतून बघितली तरी दिसेल. मोठा नर किंवा थोराड मादी कान मागे टाकून पुढच्या खुराने मारते आणि लहानांना हटवते. ज्यांना खरंच गरज असते ती मागच्या वर्षीची पाडसं कडेला उभी राहतात, थंडीत शक्ती घालवतात आणि उष्टं-खरकटं खाऊन जातात. हिवाळा जड जाणाऱ्या पाडसासाठी घातलेला मका बहुतेक वेळा धडधाकटांच्याच पोटात जातो.

आता थंडीबद्दल. हे हरीण हिवाळ्यासाठी घडलेलं आहे. शरद ऋतूत ते चरबी साठवतं. त्याच्या हिवाळी केसांत हवा भरलेली असते, म्हणून पाठीवर बर्फ साचला तरी वितळत नाही. डिसेंबरनंतर त्याची हालचाल आणि भूक दोन्ही आपोआप कमी होतात. पुढ्यात भरपूर असलं तरी ते एरवीपेक्षा कमी खातं. वसंतापर्यंत वजन पाचव्या हिश्शाने घटणं हे त्याच्या शरीराचं नेहमीचं गणित आहे. बरगड्या थोड्या दिसल्या म्हणून उपासमार समजू नका. खाद्याने ओढून आणलं जाणारं हरीण उलट रोज ढिगापर्यंत चालत येण्यात आणि भांडणात साठवलेली चरबी जाळतं. शिवाय वाटेत रस्ता ओलांडतं. हिवाळ्यात अंधार लवकर पडतो आणि तुमची संध्याकाळची वेळ हीच लोकांची कामावरून घरी परतायची वेळ. खाद्य घातल्याने हरणांच्या ये-जा करायच्या वाटा बदलतात. त्यातली एखादी वाट वाहत्या रस्त्यावरून जात असेल तर अपघात ठरलेलाच.

शेजाऱ्यांची तक्रार नुसती बागेतली हॉस्टा, ट्यूलिप अशी शोभेची झाडं खाल्ल्याची नसावी. गोचिडींची असेल तर ती रास्त आहे. लाइम आजार पसरवणारी काळ्या पायांची गोचीड प्रौढ झाल्यावर प्रामुख्याने हरणावर रक्त पिते आणि मग जमिनीवर पडून सुमारे दोन हजार अंडी घालते. लाइमचा जंतू हरणात टिकत नाही, तो पांढऱ्या पायांच्या उंदरांत असतो, आणि सांडलेल्या मक्यावर हे उंदीरही येतात. म्हणजे गोचिडी वाढवणारा आणि त्यांना जंतू देणारा, दोघांनाही एकाच जागी आमंत्रण. मे ते जुलैमध्ये फिरणारी गोचिडीची पिल्लं खसखशीच्या दाण्याएवढी असतात, मुलांच्या अंगावर दिसतही नाहीत. परसातून आल्यावर काखा, गुडघ्याची मागची बाजू, कानामागे आणि केसांत बघा. चिकटलेली दिसली तर बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीच्या अगदी जवळ धरून सरळ वर ओढा. तेल लावणं, चटका देणं टाळा. जंतू शरीरात उतरायला साधारणपणे २४ ते ३६ तास लागतात, म्हणून रोज तपासणं हाच मोठा बचाव. ती ३६ तासांहून जास्त चिकटलेली असावी अशी शंका आली तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना विचारा. प्रतिबंधक डोसचा उपयोग तेवढ्याच मुदतीत होतो. लॉन आणि झाडी यांच्यामध्ये तीन फूट रुंद लाकडी चिप्सचा पट्टा टाकला तर गोचिडी लॉनवर कमी येतात. थंडी आहे म्हणून निर्धास्त राहू नका. तापमान चार-पाच अंश सेल्सियसच्या वर गेलं की प्रौढ गोचिडी जानेवारीतही हिंडतात.

कायद्याचं बघून घ्या. न्यूयॉर्क, इलिनॉय, कोलोरॅडो आणि कॅलिफोर्निया या राज्यांत रानटी हरणांना खायला घालणं बेकायदा आहे. न्यू जर्सीत सार्वजनिक उद्यानं आणि टाउनशिपच्या जमिनीवर वन्यप्राण्यांना खायला घालायला बंदी असते. खासगी परसाबद्दल मात्र टाउनशिपनुसार फरक पडतो. टाउनशिपच्या कार्यालयात फोन करून ‘वाइल्डलाइफ फीडिंग ऑर्डिनन्स’ (वन्यप्राण्यांना खायला घालण्याबद्दलचा स्थानिक नियम) खासगी जागेला लागू आहे का, एवढंच विचारा. अस्वलांना खायला घालणं राज्यभर बंद आहे आणि दंड १,००० डॉलरपर्यंत होऊ शकतो. ससेक्स, पसेइक, मॉरिस, वॉरन या वायव्येकडच्या काउंटींत राहत असाल तर हरणांसाठी टाकलेल्या मक्यावर मार्चपासून अस्वल येणारच, हे गृहीत धरा.

बंद करायची रीत. बंदी नसेल आणि डिसेंबरपासून रोज घालत असाल, तर त्या हरणांचे सूक्ष्मजीव आता मक्याला थोडे सरावलेले आहेत. म्हणून एका झटक्यात न थांबवता दर तीन-चार दिवसांनी माप निम्मं करा. आज पाच किलो असेल तर अडीच, मग सव्वा, मग अर्धा किलो, मग बंद. या काळात ढीग घालू नका. दाणे दहा-पंधरा मीटर जागेत विरळ फेका आणि रोज जागा बदला, म्हणजे तोंडाला तोंड लागणार नाही. पोळ्या आणि फळं पहिल्याच दिवशी थांबवा. बुरशी आलेला, कोंदट वासाचा मका एक दाणाही टाकू नका. त्यातलं अफ्लाटॉक्सिन नावाचं बुरशीचं विष हरणांपेक्षाही टर्की आणि लहान पक्ष्यांना लवकर मारतं. तुमच्या भागात सीडब्ल्यूडी जाहीर झाला असेल तर हे टप्पे विसरा आणि त्याच दिवशी थांबवा.

शेवटच्या दिवशी रबरी हातमोजे घालून उरलेले दाणे आणि लेंड्या दाताळ्याने गोळा करा, पिशवीत बांधून कचऱ्यात टाका. कंपोस्टमध्ये नको. मिठाची वीट ठेवलेली असेल तर तिच्याखालची पाच-सहा इंच मातीही खरवडून काढा. मीठ मातीत मुरलेलं असतं, आणि नुसती वीट उचलली तर हरणं ती मातीच खात राहतात. बर्ड फीडर असेल तर त्याखाली ताटली लावा आणि तो जमिनीपासून सात-आठ फूट वर टांगा. मागच्या पायांवर उभं राहून हरीण सहा फुटांपर्यंत पोचतं. अस्वलांच्या भागात मार्च ते नोव्हेंबर तो उतरवूनच ठेवा. हरणं पुढचे दोन-तीन आठवडे नेहमीच्या वेळी येतील, उभी राहतील, घराकडे बघतील. मुलांना हे जड जाईल. याच दिवसांत ‘आज फक्त मूठभर’ असं केलंत तर सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं, कारण कधीतरी मिळतं हे कळलेलं जनावर जास्त चिवटपणे येत राहतं. हातातून कधीही भरवू नका. माणसाची भीड चेपलेला नर ऑक्टोबर-नोव्हेंबरात माजावर आला की शिंगं रोखतो, आणि पाडस जवळ असलेली मादी जूनमध्ये कुत्र्यावर, प्रसंगी माणसावरही खुरांनी तुटून पडते.

हरणांसाठी काही करायचंच असेल तर ओतू नका, लावा. हिवाळ्यात मेपलच्या किंवा डॉगवुडच्या फांद्या छाटायच्या असतील तर जानेवारी-फेब्रुवारीत छाटा आणि मागच्या कडेला इथे-तिथे पडू द्या. त्यावरच्या कळ्या आणि कोवळी टोकं हे त्यांचं खरं हिवाळी अन्न, त्यांच्या पोटाला ओळखीचं. यू नावाच्या शोभेच्या झुडपाची छाटणी मात्र कुठेही टाकू नका. ती गुराढोरांना आणि घोड्यांना विषारी आहे.

वसंतात मागच्या कडेला, घर आणि रस्ता दोन्हींपासून जितकं लांब जाता येईल तितकं, स्थानिक झुडपं लावा. ग्रे डॉगवुड, ॲरोवुड व्हायबर्नम, स्टॅगहॉर्न सुमॅक, ब्लॅकबेरी ही तग धरतात, आणि हरणांनी खुडली तरी फुटतात. जागा असेल तर एक व्हाइट ओक. त्याची फळं कमी तुरट असल्याने हरणं ती आधी वेचतात, पण फळ धरायला वीसेक वर्षं लागतात. लवकर फळ हवं असेल तर क्रॅबॲपल किंवा अमेरिकन पर्सिमन. पर्सिमन हे आपल्या टेंभुर्णीच्या कुळातलं झाड. त्यात नर आणि मादी झाडं वेगळी असतात, म्हणून दोन-तीन लावावी लागतात. रोप उघडं लावलंत तर पहिल्याच महिन्यात शेंड्यासकट जाईल. पाच फूट उंच जाड तारेच्या जाळीचा चार फूट व्यासाचा गोल करून दोन खुंट्यांना बांधा आणि शेंडा सहा फुटांच्या वर जाईपर्यंत, म्हणजे चार-पाच वर्षं, काढू नका. बोटाएवढ्या ते मनगटाएवढ्या खोडांना सप्टेंबरच्या आधी चार फूट उंचीपर्यंत वेगळी जाळी लावा. नर शिंगं घासून साल सोलतात आणि झाड वाळतं.

भाजीचं सांगायलाच हवं, कारण मका बंद केल्यावर मोहरा मेथी, भेंडी आणि घेवड्याकडे वळू शकतो. खात्रीचा उपाय एकच, कुंपण. मोठ्या जागेला आठ फूट उंची लागते. टाउनशिप सहा फुटांहून जास्त परवानगी देत नसेल तर वाफाच लहान ठेवा, साधारण दहा बाय वीस फूट. उतरायला जागा दिसली नाही की हरीण अशा अरुंद चौकटीत सहसा उडी मारत नाही. जाळी खालून जमिनीला खिळ्यांनी घट्ट बसवा, कारण उडी मारण्याआधी ते खालून शिरायची वाट शोधतं आणि सहा-सात इंचांची फट त्याला पुरते. अंड्याच्या घटकांचे वासाचे फवारे चालतात, पण दर तीन-चार आठवड्यांनी आणि जोराच्या पावसानंतर पुन्हा मारावे लागतात, आणि खायच्या पानांवर मारायचे नाहीत. घरासमोरच्या शोभेच्या झाडांसाठी न्यू जर्सीतल्याच रटगर्स विद्यापीठाची यादी बघा. हरणं कोणतं झाड किती खातात याच्या चार श्रेणी तिथे केलेल्या आहेत.

मुलांचं बघणं थांबू देऊ नका. मागच्या कडेच्या झाडाला जमिनीपासून तीन फुटांवर ट्रेल कॅमेरा (हालचाल दिसली की आपोआप फोटो काढणारा) बांधा, तोंड उत्तरेकडे ठेवा म्हणजे ऊन आडवं येत नाही. मे-जूनमध्ये गवतात एकटं पडलेलं ठिपक्यांचं पाडस दिसलं तर हात लावू नका, दूध देऊ नका. आई दिवसभर मुद्दाम लांब राहते, वास लागू नये म्हणून, आणि दिवसातून दोन-तीनदा पाजायला येते.

एक अडचण राहते. गल्लीत आणखी कोणी घालत असेल तर तुमच्या एकट्याच्या थांबण्याने कळप फुटणार नाही, फक्त दोन घरं पलीकडे सरकेल. म्हणून ज्यांनी तक्रार केली त्यांनाच आधी सांगा की आम्ही अमुक तारखेपासून बंद करतोय, आणि आजूबाजूच्या चार-पाच घरांना टाउनशिपचा नियम दाखवून तीच तारीख सगळ्यांनी धरा. लाळ गाळणारं, मान खाली टाकून अडखळत चालणारं, माणूस जवळ आला तरी न हलणारं हरीण दिसलं तर त्याच्याजवळ जाऊ नका, खायला देऊ नका. जागा आणि वेळ टिपून राज्याच्या वन्यजीव खात्याला कळवा.